ऑप्टोमेट्रीची पदवी : कोणासाठी, कशासाठी?

वयाची चाळिशी आणि डोळ्यांवरचा चष्मा या दोहोंना मराठीने एकच शब्द दिला आहे. चाळिशी आली की चाळिशी लागते, हे आपल्या समाजाचे जुने निरीक्षण आहे आणि ते शास्त्राला धरून आहे. डोळ्यातील नैसर्गिक भिंग वयोमानाप्रमाणे ताठर होत जाते, जवळचे पाहताना त्याचा आकार पुरेसा बदलत नाही, आणि सुईत दोरा ओवणे, तांदूळ निवडणे, पोथी वाचणे अवघड होऊ लागते. हे प्रत्येकाच्या वाट्याला येते. त्यावरचा इलाज दोन साध्या भिंगांचा आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दृष्टिविषयक अहवालानुसार, केवळ या कारणाने जवळचे नीट न दिसणाऱ्या आणि चष्म्यावाचून राहिलेल्या माणसांची संख्या जगात ८२ कोटी ६० लाख होती. इतका साधा इलाज इतक्या माणसांपर्यंत का पोचत नाही? त्याचे काहीसे उत्तर चष्म्याच्या किमतीत आहे. परंतु डोळे तपासणारा माणूस कोठे बसतो आणि त्याचा चरितार्थ कशावर चालतो, यात त्याहून मोठे उत्तर दडलेले आहे.

हा डोळे तपासणारा माणूस घडविणारी पदवी म्हणजे ऑप्टोमेट्रीची, दृष्टिमापनशास्त्राची पदवी. बारावी शास्त्र शाखेनंतर वैद्यकीय प्रवेश न मिळालेल्या अनेक विद्यार्थ्यांसमोर आज हा पर्याय ठेवला जातो. पुण्यातच भारती विद्यापीठ आणि डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ या दोन अभिमत विद्यापीठांत तो शिकविला जातो. पालकांना मात्र या पदवीचा नेमका अर्थ ठाऊक नसतो. डोळ्यांचा डॉक्टर कोण, चष्मेवाला कोण आणि ऑप्टोमेट्रिस्ट कोण, याविषयी सुशिक्षितांच्या मनातही गोंधळ असतो. नेत्रतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीनंतर नेत्रशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला, औषधोपचार व शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर असतो. चष्मे तयार करून विकणाऱ्याचे काम काच आणि फ्रेम यांच्याशी असते. ऑप्टोमेट्रिस्ट या दोहोंच्या मधला. दृष्टी मोजणे, चष्म्याचा किंवा कॉन्टॅक्ट लेन्सचा नंबर ठरविणे, दोन्ही डोळ्यांचे एकत्र काम तपासणे, आणि रोगाची चिन्हे वेळीच ओळखून रुग्णाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठविणे ही त्याची कामे आहेत.

पदविकेपासून पदवीपर्यंत

भारतात या शिक्षणाची सुरुवात १९५८ मध्ये अलीगड आणि हैदराबाद येथील नेत्ररुग्णालयांशी जोडलेल्या पदविका अभ्यासक्रमांनी झाली. १९७६ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांवर या कार्यक्रमाचा मुख्य भर राहिला, आणि डॉक्टरांच्या हाताखाली काम करण्यासाठी दोन वर्षांचे प्रशिक्षण घेतलेला नेत्रचिकित्सा सहाय्यकांचा वर्ग निर्माण करण्यात आला. चार वर्षांच्या पदवीला खरी चालना मिळाली ती १९८५ मध्ये, चेन्नईच्या शंकर नेत्रालयाने सुरू केलेल्या एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्रीमुळे. त्यानंतर इतर राज्यांतून, महाराष्ट्रातूनही, अशी महाविद्यालये निघाली. या पदवीचा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी तीन वर्षे अध्ययन आणि एक वर्ष प्रत्यक्ष रुग्णसेवा असा चालत आला आहे.

कायद्याने मात्र या व्यवसायाची दखल फार उशिरा घेतली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९०१ मध्येच ऑप्टोमेट्रीच्या व्यवसायाचे नियमन करणारा कायदा केला होता. आपल्याकडे त्यासाठी २०२१ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने ऑप्टोमेट्रिस्टचा समावेश आपल्या परिशिष्टात केला, आणि पदवीधर आरोग्य व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण आवश्यक ठरविले. कायदा झाला तरी राज्य परिषदा स्थापन करण्याचे काम रेंगाळले. अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. ज्या व्यवसायाची नोंदवहीच नाही, त्यात पदवीधर आणि चार महिने दुकानात राहून यंत्र चालवावयास शिकलेला मुलगा यांच्यातील फरक गिऱ्हाइकाला कळणार तरी कसा?

फरक मात्र मोठा आहे. रेटिनोस्कोपीचेच उदाहरण घ्यावे. अंधाऱ्या खोलीत रुग्णाच्या बाहुलीवर प्रकाशाची रेघ फिरवावयाची, आतून परतणारी लालसर चमक त्या रेघेबरोबर सरकते की उलट दिशेने, हे पाहावयाचे आणि ती हालचाल थांबेपर्यंत निरनिराळी भिंगे समोर धरावयाची. या रीतीने तान्ह्या मुलाचा किंवा अक्षरओळख नसलेल्या मजुराचाही नंबर त्याला काही न विचारता काढता येतो. ही विद्या पुस्तकाने येत नाही. शेकडो डोळे पाहिल्यावर हात बसतो. लहान मुलांच्या ‘आळशी डोळ्या’ची गोष्टही अशीच आहे. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठे अंतर असेल तर मुलाचा मेंदू कमी दिसणाऱ्या डोळ्याकडून येणारे चित्र हळूहळू सोडून देतो. सात-आठ वर्षांच्या आत हे ध्यानात आले तर योग्य चष्मा देऊन आणि चांगला डोळा रोज काही तास झाकून बरीच सुधारणा होते. उशीर झाला तर ती कठीण जाते. काचबिंदूच्या नेहमीच्या प्रकारात डोळा दुखत नाही, समोरचे दिसत राहते आणि बाजूची दृष्टी नकळत जाते. गेलेली दृष्टी परत येत नाही. मधुमेहाने पडद्यावर झालेले आघात सुरुवातीला रुग्णाला जाणवतही नाहीत. हे सारे ओळखण्याचे शिक्षण या पदवीत दिले जाते. प्रश्न आहे तो पुढे त्या शिक्षणाचे काय होते, हा.

कारेगावचा कामगार

या प्रश्नाचा विचार पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरून करण्यापेक्षा शिरूर तालुक्यातील कारेगावातून करणे अधिक उपयुक्त ठरेल. पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील हे गाव महागणपतीच्या रांजणगावाला लागून आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीने या परिसराचे जीवन गेल्या तीन दशकांत पालटून टाकले. मोटारी, त्यांचे सुटे भाग, घरगुती विजेची उपकरणे यांचे कारखाने येथे उभे राहिले. मराठवाड्यातून, विदर्भातून आणि उत्तरेकडील राज्यांतून आलेले कामगार भाड्याच्या खोल्यांतून राहू लागले आणि गावाचा दिवस कारखान्यांच्या पाळ्यांवर चालू लागला. २०२२ मध्ये रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उत्पादनासाठी स्वतंत्र समूह उभारण्यास केंद्राने मान्यता दिली. म्हणजे बारीक नजरेचे काम येथे पुढेही वाढत जाणार आहे.

अशा गावात डोळा हे कामाचे हत्यार असते. रंगकामातील ओरखडा हुडकणारा तपासनीस, मोजपट्टीवरची बारीक रेघ वाचणारा जोडारी, सर्किटच्या पाटीवर नजर रोखून बसलेली मुलगी, रात्री महामार्गावर मालमोटार हाकणारा चालक या सर्वांची भाकरी नजरेवर अवलंबून आहे. वेल्डिंगची ठिणगी आणि ग्राइंडिंगचा कण यांचा धोका वेगळाच. शिवाय वसाहतीच्या आरंभीच्या काळात विशीत कामावर लागलेला माणूस आज चाळिशी ओलांडून पन्नाशीकडे झुकला आहे. त्याला जवळचे दिसेनासे झाले तर तो ते बोलून दाखवील याची खात्री नाही. कंत्राटी कामगाराला तर नजर कमी झाल्याची कबुली म्हणजे काम गमावण्याची भीती वाटते. शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा पुण्याला जावयाचे म्हटले तर खाडा होतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. चष्म्याच्या खऱ्या किमतीत ही बुडालेली मजुरी आणि एस.टी.चे भाडेही धरले पाहिजे.

या खर्चाच्या बदल्यात काय मिळते, याचे उत्तर आता अंदाजावर सोडण्याचे कारण नाही. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवर केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्यांना लगेच जवळचा चष्मा देण्यात आला आणि उरलेल्यांना प्रयोग संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पानांची खुडणी दुसऱ्या गटाच्या मानाने २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. बांगला देशात अशाच पद्धतीने केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चष्मा मिळालेल्यांचे उत्पन्न आठ महिन्यांत ३३.४ टक्क्यांनी अधिक भरले. भांडवल गुंतवणुकीचे इतके स्वस्त आणि इतक्या लवकर फळ देणारे दुसरे उदाहरण सहसा सापडणार नाही.

तथापि चहामळा आणि कारखाना यांत एक महत्त्वाचा भेद आहे. मळ्यातील मजुराला खुडलेल्या पानांच्या वजनावर पैसे मिळू शकतात, त्यामुळे चष्म्याचा लाभ त्याच्या हाती येतो. कारेगावच्या कामगाराचा पगार तासांवर किंवा महिन्यावर ठरतो. त्याची नजर सुधारली तर खराब माल कमी निघेल, अपघात टळतील, आणि त्याचा पहिला लाभ कारखान्याला होईल. खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा अशी विभागणी झाली की खर्च करावयास कोणी पुढे येत नाही. कामगाराला आपल्या डोळ्यांची पर्वा नाही, असा ठपका ठेवणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

मोफत तपासणीची किंमत

चष्म्याच्या दुकानावर ‘डोळ्यांची तपासणी मोफत’ अशी पाटी सर्वत्र दिसते. अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही या पाटीतील गोम कळावी. तपासणाऱ्याचा पगार, यंत्राची किंमत आणि जागेचे भाडे कोणीतरी भरतच असते. ते फ्रेम आणि काचेच्या किमतीतून वसूल होते. या व्यवस्थेचे तीन परिणाम होतात. ज्या तपासणीतून चष्मा विकला जात नाही, ती तपासणी दुकानाला तोट्याची ठरते. डोळ्यातील दाब मोजणे, पडदा पाहणे, मुलाच्या दोन डोळ्यांचा मेळ तपासणे यांसाठी लागणारी वीस मिनिटे मग दहावर आणि पुढे पाचावर येतात. दुसरे असे की, तपासणारा जेथे महागड्या फ्रेम खपतात तेथेच जातो. कारेगावच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराला गरज मोठी असली तरी खरेदीशक्तीचे पाठबळ नसल्याने ती गरज मागणीच्या रूपाने बाजारात उतरत नाही. आणि तिसरा परिणाम खुद्द पदवीवर होतो. चार वर्षे नेत्ररोगाची चिन्हे शिकलेला तरुण साखळी दुकानाच्या काउंटरवर विक्रीचे उद्दिष्ट पुरे करीत बसतो, आणि न वापरलेली विद्या हळूहळू विसरतो. कर्ज काढून फी भरलेल्या पालकांना मुलाला नोकरी लागली एवढेच दिसते. त्याच्या शिक्षणाचा किती भाग वाया गेला, हे दिसत नाही.

राष्ट्रीय पाहणीचे आकडे या वायफळ खर्चाकडे अधिक स्पष्टपणे बोट दाखवितात. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष पाहणीत पन्नाशीच्या पुढील लोकांतील अंधत्वाचे प्रमुख कारण अजूनही मोतीबिंदू असल्याचे आढळले. त्याचा वाटा ६६.२ टक्के होता. सौम्य दृष्टिदोषाचे प्रमुख कारण मात्र चष्म्याचा नंबर हेच होते आणि त्याचा वाटा ७०.६ टक्के होता. पहिल्यासाठी शल्यविशारद हवा. दुसऱ्यासाठी ऑप्टोमेट्रिस्ट पुरेसा आहे, आणि पहिल्या गटातील रुग्ण हुडकून शल्यविशारदाकडे धाडण्याचे कामही तोच करू शकतो.

काही आक्षेप

यावर घेतले जाणारे दोन आक्षेप विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप वैद्यकीय वर्तुळातून येतो. डॉक्टर नसलेल्याच्या हाती डोळे सोपविले तर रोग निसटतील, असे म्हटले जाते. ही भीती निराधार नाही. परंतु नेत्रतज्ज्ञ शहरांतून एकवटलेले असताना कारेगावच्या कामगारापुढे ऑप्टोमेट्रिस्ट की नेत्रतज्ज्ञ, असा पर्याय प्रत्यक्षात नसतो. प्रशिक्षित तपासणी की काहीच नाही, एवढाच पर्याय त्याच्यापुढे असतो. शिवाय शस्त्रक्रिया करू शकणाऱ्या तज्ज्ञाचा वेळ चष्म्याचे नंबर काढण्यात जावा, ही त्या तज्ज्ञतेचीही उधळपट्टीच आहे. भीतीवरचा उपाय नोंदणी, कामाच्या स्पष्ट मर्यादा आणि रुग्ण पुढे पाठविण्याची लेखी पद्धत हा आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे. एवढ्या कामासाठी चार वर्षांची पदवी कशाला? हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने खेड्यातील तरुणांना एक वर्षाचे प्रशिक्षण देऊन सुमारे ५० हजार लोकवस्तीमागे एक अशी दृष्टिकेंद्रे चालविली. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाने, ज्याची सुरुवात डॉ. गो. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांनिशी केली, खेड्यातील मुलींना प्रशिक्षण देऊनच आपले प्रचंड काम उभे केले. या आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक गावाला पदवीधर लागत नाही, आणि तो परवडणारही नाही. परंतु या दोन्ही संस्थांत तंत्रज्ञाच्या पाठीशी वरच्या दर्जाचे शिक्षण घेतलेला माणूस आणि सुसज्ज रुग्णालय उभे असते, हे विसरता कामा नये. कारेगावसारखी औद्योगिक वस्ती तर साध्या खेड्यापेक्षा वेगळी आहे. कोणत्या कामाला किती अंतरावरची नजर हवी, संरक्षक चष्म्यात नंबर कसा बसवावा, उजेड कोठून पडावा, एक डोळा गमावलेल्या कामगाराला कोणते काम निर्धोक ठरेल, या प्रश्नांची उत्तरे द्यावयास पदवीचे शिक्षणच कामी येते.

काय करता येईल?

यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. पहिली गोष्ट, तपासणी आणि विक्री यांची फारकत. तपासणीची स्वतंत्र फी असावी आणि नंबराची चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या हाती, त्याने चष्मा कोठूनही घेतला तरी, पडलीच पाहिजे. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९७८ मध्येच चिठ्ठी देणे बंधनकारक केले. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये नंबरच्या चष्म्यावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवर आणण्यात आला, हे चांगले झाले. परंतु काच स्वस्त झाली म्हणून तपासणी चांगली होत नाही.

दुसरी गोष्ट, कारखान्यांचा वाटा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३५ व्या कलमात डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद होती. पण तिचा रोख ठिणगी आणि कण यांच्यावर होता, नजरेवर नव्हता. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ठराविक वयाच्या वा वर्गाच्या कामगारांची वार्षिक तपासणी मालकाने विनामूल्य करून देण्याची तरतूद आहे. या तपासणीत दूरची व जवळची नजर, डोळ्यातील दाब आणि पडदा यांचा स्पष्ट उल्लेख नियमांत झाला पाहिजे. आणि नजर कमी आढळली म्हणून कामावरून काढता येणार नाही, आधी चष्मा द्यावा लागेल, असेही त्यात नमूद असले पाहिजे. असे झाले तर वसाहतीतील कारखाने मिळून कारेगावात एक दृष्टिकेंद्र सहज चालवू शकतील. लाभ ज्याचा त्याने खर्च सोसावा, हे तत्त्व तेथे आपोआप पाळले जाईल.

तिसरी गोष्ट महाविद्यालयांच्या हाती आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षातील काही आठवडे प्रत्येक विद्यार्थ्याने अशा केंद्रात काढावेत. पुण्याहून कारेगाव काही तासांच्याही अंतरावर नाही. शाळांतील मुलांची तपासणी शिक्षकांकडून तक्त्याच्या साहाय्याने होते. त्यात संशयित ठरलेल्या मुलांची पुढची तपासणी या विद्यार्थ्यांनी करावी. शिकणाऱ्याला शेकडो डोळे पाहावयास मिळतील आणि गावाला सेवा. चौथी गोष्ट शासनाची. आरोग्य सेवेतील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांच्या पदांसाठी आणि कामगार विमा योजनेच्या दवाखान्यांसाठी या पदवीला सेवाप्रवेश नियमांत निश्चित स्थान मिळावे. विमा योजनेत २०१७ पासून दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार येतात. म्हणजे कारेगावच्या खोल्यांतून राहणारा मोठा वर्ग याच योजनेखालचा आहे.

बारावीनंतर ऑप्टोमेट्री निवडू पाहणाऱ्या कारेगावच्या मुलीला आज दोनच गोष्टी सांगितल्या जातात : फी किती आणि दुकानात नोकरी लगेच मिळते. तिने महाविद्यालयाला आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. शेवटच्या वर्षी किती रुग्ण स्वतः तपासावयास मिळतील? पदवी नव्या कायद्याखाली नोंदणीस पात्र आहे काय? आणि मागील तुकडीतील किती विद्यार्थी रुग्णालयांत लागले व किती दुकानांत? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारे महाविद्यालय तिने निवडावे. शिकून झाल्यावर तिला आपल्या गावी परत येऊन वडिलांच्या वयाच्या कामगारांचे डोळे तपासता यावेत आणि त्यावर तिचा चरितार्थही चालावा, एवढी व्यवस्था उभी करणे शासन आणि कारखानदार यांना मुळीच अशक्य नाही.